आईवडील दोघेही निरोगी, मग मुलाला सिस्टिक फायब्रोसिस कसा? आनुवंशिकतेविषयी चर्चा

गिरणाकाठ, चाळीसगाव

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमच्या जवळच्या नात्यातील एका बाळाला अलीकडेच सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसे आणि पचन बिघडवणारा एक आनुवंशिक आजार, असल्याचे निदान झाले. आजार गंभीर आहेच, पण निदानानंतर घरात जे बोलले गेले त्याने बाळाच्या आईला आजाराइतकेच खचवले. "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असे काही नाही, हे माहेरहूनच आले," असे तिला तोंडावर ऐकवण्यात आले. हे बोलणे निर्दय तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीने साफ चुकीचेही आहे. ते का चुकीचे आहे हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना या आजाराचा किंवा अशा दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा अनुभव आहे त्यांनी जरूर लिहावे.

लिंगगुणसूत्रे बाजूला ठेवली तर आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. या आजाराशी संबंधित जनुकाचे नाव सीएफटीआर. ते सातव्या गुणसूत्रावर असते आणि १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स व जॉन रिऑर्डन यांच्या गटांनी ते शोधून काढले. या जनुकात लिहिलेल्या आराखड्यानुसार पेशी १४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनवते, आणि ते प्रथिन पेशीच्या आवरणात बसून क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या एका घटकाची, ये-जा सांभाळते. दोनपैकी एक प्रत बिघडलेली असली आणि दुसरी धड असली तरी शरीराचे काम भागते. पाटाला दोन दारे असावीत, त्यातले एक गंजून अडकावे आणि तरीही दुसऱ्या दाराने शेत भिजत राहावे, तसेच हे आहे. बांधावरून जाणाऱ्याला काही उणे आहे याचा पत्ताही लागत नाही. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. वाहकाला हा आजार नसतो, आणि बहुतेक वाहकांना आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळत नाही.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, आईवडिलांसारखेच निरोगी वाहक असण्याची चारात दोन आणि दोन्ही प्रती धड असण्याची चारात एक असते. "एक मूल आजारी झाले, म्हणजे आता पुढची तीन निरोगी" असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो; तो चुकीचा आहे. आधीच्या मुलाला काय झाले याचा पुढच्या गर्भाशी संबंध नसतो, दर वेळी शक्यता नव्याने चारात एक इतकीच राहते. मुलगा की मुलगी यानेही तिच्यात फरक पडत नाही.

आता "सात पिढ्या" या मुद्द्याकडे येतो. सात पिढ्यांत कोणी आजारी दिसले नाही हे अगदी खरे असू शकते, आणि तरीही बिघडलेली प्रत त्याच सात पिढ्यांतून मुकाट्याने खाली उतरलेली असू शकते, कारण जोपर्यंत तिला समोरच्या घराण्यातून दुसरी बिघडलेली प्रत भेटत नाही तोपर्यंत ती दिसण्याचे कारणच नसते. आजारी बाळाकडे दोन बिघडलेल्या प्रती आहेत, याचा अर्थ जवळजवळ नेहमीच एक आईची आणि एक वडिलांची असा होतो. दोघांचा वाटा समसमान आहे. यात दोष कोणाचाच नाही. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली की नाही, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

या एका प्रथिनाच्या बिघाडाने इतके अवयव कसे धरले जातात, हेही थोडक्यात सांगतो. फुप्फुसातल्या नळ्यांमध्ये हे प्रथिन क्लोराइड बाहेर सोडते, त्यामागोमाग पाणी येते आणि श्लेष्मा पातळ राहतो. ते बंद पडले की श्लेष्मा घट्ट व चिकट होतो, जंतू त्यात ठाण मांडतात, विशेषतः स्यूडोमोनास नावाचा जिवाणू, आणि वारंवार होणाऱ्या संसर्गाने फुप्फुसे हळूहळू खराब होतात. स्वादुपिंडाच्या नळ्या अशाच तुंबल्याने पाचक रस आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत, मेद पचत नाही, आणि मूल भरपूर खाऊनही वाळत जाते. १९३८ मध्ये डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे वर्णन केले तेव्हा त्यांचे लक्ष वेधले होते ते स्वादुपिंडातल्या या बदलांनीच.

घामाच्या ग्रंथीत मात्र हेच प्रथिन उलट्या दिशेने काम करते, घामातले क्लोराइड परत शरीरात ओढून घेते. ते बिघडले की मीठ घामावाटे वाहून जाते. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली तेव्हा या आजाराची मुले इतरांपेक्षा जास्त प्रमाणात गळून रुग्णालयात येऊ लागली. त्या निरीक्षणाचा माग काढत पॉल डी सांत'आग्नेझे यांनी १९५३ मध्ये या मुलांच्या घामात मीठ जास्त असते हे दाखवून दिले. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा खान्देशातल्या आईवडिलांना ही गोष्ट ठाऊक असणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तापीची लेक, शिरपूर

दादा, हा धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मुलाला हा आजार आहे. तुमच्या नात्यातल्या त्या ताईंना जे ऐकावे लागले ते मलाही ऐकावे लागले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

निदान व्हायला फार उशीर झाला. खोकला थांबत नव्हता, वजन वाढत नव्हते, म्हणून एका रुग्णालयात थुंकीत किंवा पोटातल्या पाण्यात जंतू सापडलेले नसतानाही क्षयरोगाची औषधे सुरू करण्यात आली. ती पूर्ण होऊनही खोकला तसाच राहिला. दुसरीकडे, पचत नाही म्हणून तूप-तेल पूर्ण बंद करा असे सांगण्यात आले. आज मला कळते की हा सल्ला उलटा होता. या मुलांना मेद आणि उष्मांक इतरांपेक्षा जास्त लागतात, फक्त त्यासोबत पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल द्याव्या लागतात. माझा मुलगा आता भाकरीवर तूप घेऊन जेवतो.

माझ्या सासूबाईंना मात्र पहिल्या उन्हाळ्यातच काहीतरी वेगळे जाणवले होते. बाळाचा पापा घेतला की त्या म्हणायच्या, "या पोऱ्यानं आंग खारं खारं लागस." त्याचे काळे टोपडे वाळले की कडेने मिठाची पांढरी रेघ उमटलेली असे, ती बोटाने खरवडली तर कणी हाताला लागे. आम्ही सर्वांनी ते घामावर ढकलले. मग मेमध्ये एके दिवशी त्याने अंगावर पिणे सोडले, मान टाकली, डोळे खोल गेले. जुलाब नव्हते, ताप नव्हता. रक्त तपासले तेव्हा सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड तिन्ही बरेच खाली गेलेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी "जुलाब नसताना क्षार गेले कुठे?" हा प्रश्न विचारला आणि घामाची चाचणी करायला पाठवले. त्यांच्यामुळे माझा मुलगा आज शाळेत जातो.

रोजच्या कामातले एक सांगते. कॅप्सूल उघडून आतले दाणे लहान मुलाला द्यायचे तर ते सफरचंदाच्या मऊ गरात द्यावेत, गरम दुधात किंवा वरणात मिसळू नयेत, कारण मग त्यांचे आवरण आधीच विरघळते आणि औषध वाया जाते. दाणे चावू देऊ नयेत आणि नंतर तोंडात बोट फिरवून पाहावे. हिरडीला चिकटून राहिलेल्या दाण्याने तोंड येते.

पांझरा, धुळे

प्रश्न अज्ञानाचा वाटेल, पण विचारतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मुलांना असे आजार होतात, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. यात कितपत तथ्य आहे?

गिरणाकाठ, चाळीसगाव

काहीही तथ्य नाही. रक्तगट ठरवणारी जनुके वेगळी, त्यांचा सीएफटीआरशी संबंध नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा काळजी घ्यावी लागते हे खरे, पण तो विषय निराळा आहे. लग्न ठरवताना रक्तगट विचारणारी आणि नाते किती जवळचे आहे याकडे न पाहणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला.

सातपुड्याच्या कुशीत, धडगाव

मी आदिवासी पाड्यांवर आरोग्याचे काम करते. सिस्टिक फायब्रोसिसचा रुग्ण मी पाहिलेला नाही, पण वर जे चारात एकचे गणित दिले आहे ते आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे अनेक घरांना पाठ आहे. तिथे बिघाड अकराव्या गुणसूत्रावरच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात असतो. वाहकाला आम्ही एएस म्हणतो आणि रुग्णाला एसएस. वारसा मात्र अगदी याच पद्धतीने उतरतो.

आमच्याकडे झालेली एक मोठी हानी इथे सांगणे मला आवश्यक वाटते. तपासणी सुरू झाली तेव्हा एएस म्हणजे आजारी, असा समज काही गावांत पसरला आणि चांगल्या, धडधाकट मुलींची ठरलेली लग्ने मोडली. वास्तविक एएस मुलीचे लग्न दोन्ही प्रती धड असलेल्या मुलाशी झाले तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही, निम्मी मुले वाहक असू शकतात इतकेच. मुलाची तपासणी न करता केवळ मुलीचा कागद मागितला जातो, हे तर फारच अन्यायाचे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात शून्य ते चाळीस वयोगटातील ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीइतकाच वेळ समजावून सांगण्याला दिला नाही तर कागद हातात पडतो आणि त्यातून भीतीच जन्मते. सिस्टिक फायब्रोसिसच्या कुटुंबांवर ही वेळ येऊ नये.

एक विचारते: सिकलसेलसारखी स्वस्त व सोपी वाहक-तपासणी या आजारासाठी आहे का?

बालरोग, जळगाव

मी बालरोगतज्ज्ञ आहे. धडगावच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने नाही असे आहे. सिकलसेलमध्ये एका विशिष्ट जागी एकच बदल असतो आणि हिमोग्लोबिनच्या साध्या तपासणीत वाहक ओळखू येतो. सीएफटीआरमध्ये २००० हून अधिक वेगवेगळे बदल नोंदले गेले आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वाधिक आढळणारा बदल म्हणजे ५०८ व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल गळून पडणे. तो भारतीय रुग्णांतही सापडतो, पण तिकडच्यापेक्षा कमी प्रमाणात. म्हणून परदेशी यादीवर बेतलेली, ठरावीक बदलच पाहणारी तपासणी आपल्या मुलांत नकारार्थी येऊ शकते, आणि अशा वेळी संपूर्ण जनुकाचे वाचन करून घ्यावे लागते.

घामाच्या चाचणीविषयी गैरसमज नको, म्हणून स्पष्ट लिहितो. १९५९ मध्ये गिब्सन व कुक यांनी बसवलेली पद्धतच आजही मूळ पद्धत मानली जाते. हाताच्या त्वचेवर पायलोकार्पिन लावून अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात, तेवढ्या जागी घाम आणवतात आणि तो गोळा करून त्यातले क्लोराइड मोजतात. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक आले तर आजाराच्या बाजूने कौल, ३० च्या खाली असेल तर आजाराची शक्यता फारच कमी आणि मधल्या आकड्यांसाठी पुढच्या तपासण्या लागतात. मूल गळालेले असताना किंवा अंगावर सूज असताना ही चाचणी करू नये; तीव्र कुपोषणातही आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, म्हणून ती पुन्हा करून पाहतात. ही चाचणी रुग्ण ओळखते, वाहक ओळखत नाही. वाहकाचा घाम साधारणपणे इतरांसारखाच असतो. त्यामुळे "आम्हा दोघांच्या घामाची चाचणी करा" असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

क्रम असा ठेवावा: आधी आजारी मुलाचे जनुक वाचून त्यातले दोन बदल नेमके कोणते ते शोधावे, मग आईवडिलांत नेमके तेच बदल तपासावेत. एक बदल आईत आणि एक वडिलांत सापडला म्हणजे मुलाच्या दोन्ही प्रती बिघडल्या आहेत हेही पक्के होते. पुढचे मूल हवे असलेल्या जोडप्यासाठी हा कागद फार मोलाचा आहे. तो हाताशी असेल तर गर्भाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन, किंवा पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन, गर्भाला आजार आहे का हे पाहता येते. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात करू देतो, लिंग सांगायला मात्र पूर्ण बंदी आहे. गर्भधारणा झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा दोन बदल आधीच शोधून ठेवा, कारण तेवढ्या आठवड्यांत सगळे जुळवणे आपल्या भागातून मुंबई-पुण्याला जाऊन करणाऱ्यांना कठीण जाते.

शिरपूरच्या ताईंनी सांगितलेली क्षार खालावण्याची अवस्था उष्ण प्रदेशांत या आजाराची पहिली खूणही असू शकते. माझ्या व्यवसायबंधूंना माझी कळकळीची विनंती आहे की जंतू न सापडलेला, औषधांना दाद न देणारा "क्षय", भरपूर खाऊन तेलकट, उग्र वासाची शी करणारे "कुपोषण" आणि उन्हाळ्यात जुलाबाविना गळालेले बाळ, यांपैकी काहीही समोर आले की एकदा या आजाराचा विचार करावा. जन्मल्यावर पहिली काळी शी आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागलेले बाळ असेल तर तो विचार टाळूच नये.

केळीचे बन, रावेर

माझा प्रश्न थोडा खासगी आहे, तरी विचारतो. माझ्या धाकट्या भावाला हा आजार होता, तो लहानपणीच गेला. मी स्वतः पूर्ण निरोगी आहे. घरात माझे लग्न मामाच्या मुलीशी करण्याचे बोलणे सुरू आहे. धोका किती, हे कोणी आकड्यांत सांगू शकेल का?

गिरणाकाठ, चाळीसगाव

भावाविषयी वाचून वाईट वाटले. आकडा सांगता येतो, आणि तो कसा येतो हे समजून घेतलेत तर घरच्यांनाही सांगू शकाल.

तुमचे आईवडील दोघेही वाहक, हे तुमच्या भावाच्या आजाराने ठरले. त्यांच्या मुलांच्या चार शक्यता असतात, पण तुम्ही आजारी नाही हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आजाराची शक्यता वगळली की तीन उरतात. त्या तिनांपैकी दोनांत मूल वाहक असते. म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी नव्हे, तीनात दोन आहे. आता मामांकडे येऊ. आई वाहक, म्हणून तिचा सख्खा भाऊ वाहक असण्याची शक्यता दोनात एक आणि त्याच्या मुलीची चारात एक. दोघेही वाहक असतील तर मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. तीन आकड्यांचा गुणाकार केला की चोविसात एक येतो, आणि हे प्रत्येक मुलासाठी लागू आहे. नात्याबाहेरच्या मुलीशी लग्न केल्यास ती नेमक्या याच आजाराची वाहक असण्याची शक्यता बरीच कमी असते, म्हणून धोकाही त्या प्रमाणात उतरतो.

हा अंदाज तपासणीने पक्क्या उत्तरात बदलता येतो. भावाचा जनुकीय अहवाल असेल तर उत्तम. नसेल तर आईवडिलांचे संपूर्ण जनुक वाचून घ्यावे, त्यांच्यातले बदल सापडले की तुमची आणि त्या मुलीची तपासणी सोपी होते. तुम्ही स्वतः वाहक नसलात तर या आजारापुरता प्रश्नच मिटतो. मुलीला एकटीलाच तपासायला लावू नका. धडगावच्या ताईंनी लिहिलेले पुन्हा एकदा वाचा.

केळीचे बन, रावेर

फार आभार. आधी माझी आणि आईवडिलांची तपासणी करून घेतो. बोलणी तोपर्यंत थांबवायला मामांना मीच सांगेन.

पांझरा, धुळे

या आजारावर आता मूळ बिघाड सुधारणारी औषधे निघाली आहेत असे वाचले. आपल्याकडे मिळतात का? आणि खान्देशातल्या अशा सर्व कुटुंबांनी मुलांसह जळगावला एकदा एकत्र जमावे, अशी सूचना मांडतो. मुलांनाही आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे पाहून धीर येईल.

बालरोग, जळगाव

औषधे आहेत. अमेरिकेत इव्हाकाफ्टर २०१२ मध्ये आणि तीन औषधांचे मिश्रण २०१९ मध्ये मान्य झाले. ती बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावतात आणि त्यांनी तिकडच्या रुग्णांचे आयुष्य पालटले आहे. पण त्या मिश्रणाची तिथली जाहीर किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर आहे, आणि ती ठरावीक बदल असलेल्या रुग्णांतच उपयोगी पडतात. म्हणून पुन्हा तेच सांगतो: मुलाचे बदल कोणते याचा अहवाल जपून ठेवा. छातीची रोजची फिजिओथेरपी, नेब्युलायझरमधून क्षारयुक्त द्रावण, संसर्गावर वेळेवर प्रतिजैविके, एन्झाइम, अ, ड, ई व के जीवनसत्त्वे आणि भरपूर आहार, या गोष्टी आजही आपल्या हातात आहेत आणि त्या नेमाने केल्याने खूप फरक पडतो.

मेळाव्यामागचा हेतू फार चांगला आहे, तरीही त्याला माझा ठाम विरोध आहे. या आजाराच्या दोन मुलांना जवळ आणू नये. एकाच्या फुप्फुसातला औषधांना न जुमानणारा जिवाणू दुसऱ्याला लागू शकतो, आणि तो एकदा रुजला की काढणे अवघड असते. जगभरच्या केंद्रांत यांना वेगवेगळ्या वेळी बोलावतात, एकमेकांपासून अंतर राखायला सांगतात. भेटायचे असेल तर पालकांनी भेटावे, मुलांना घरी ठेवून.

तापीची लेक, शिरपूर

डॉक्टर म्हणतात तसेच आम्हालाही केंद्रात सांगितले आहे. त्यापेक्षा पालकांनी फोनवर बोलावे असे मला वाटते. चाळीसगावच्या त्या ताईंशी बोलायला मी तयार आहे. दादा, मला व्यक्तिगत निरोप पाठवा, आणि शक्य असेल तर बाळाच्या वडिलांनाही फोनवर बसायला सांगा, कारण फिजिओथेरपी दोघांनी शिकून घेतली तरच रोज दोन वेळा निभते. उन्हाळा तोंडावर आहे. बाळाला दिवसाकाठी मीठ किती आणि कशातून द्यायचे, ते त्यांनी आत्ताच डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्यावे, आणि लग्नाकार्याला एसटीने जाताना जलसंजीवनीची पाकिटे जवळच्या पिशवीत ठेवावीत. नेब्युलायझरचा मास्क व कप मात्र कोणाचाही उसना घेऊ नये, माझ्याकडचाही नाही. आपलाच रोज धुऊन, उकळून, पूर्ण वाळवून वापरावा.